एझराचा ठाव

१

लिओटा दुपारी कामावरून परतायची तेव्हा तिचा नवरा मागच्या पायरीवर बसून बुटांशी भांडत असायचा. लाकडाच्या गिरणीत ओंडका पाठीवर आला तेव्हापासून डॅरिल गॅट्लिनला धड वाकता येत नव्हतं. फीत सोडायची, दम खायचा, बुटाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, मग दुसऱ्या बुटाला हात घालायचा, असा कार्यक्रम चालायचा. ती मदतीला वाकली की तो चिडायचा.

"सकाळपासून म्हाताऱ्यांना जेवू घालून येतेस. घरी आणखी एक म्हातारा कशाला पोसतेस?"

लिओटा चॉक्टॉ या मूळ अमेरिकी जमातीची, आणि जमातीच्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या केंद्रात स्वयंपाक करायची. मोठ्या पातेल्यात मका आणि डुकराचं मांस सकाळपासून रटरटत असायचं. तिच्या केसांना त्याचा वास कायमचा चिकटला होता. डॅरिल गोरा, सीमेपलीकडच्या आर्कन्सामधला. लग्न करून तो तिच्या माणसांत येऊन राहिला, त्याला बराच काळ लोटला होता. मूलबाळ नव्हतं. त्यांची भाषा त्याच्या जिभेवर कधी बसली नाही. 'ये' म्हणायला 'मिंती' म्हणतात, एवढा एक शब्दसुद्धा तो असा चावून बोलायचा की पोरं खिदळायची.

घरी बसून माणसाचं डोकं फिरायला नको, म्हणून त्यानं आपल्या पणजोबाचा शोध घ्यायला घेतला होता. हा एझरा गॅट्लिन एका सकाळी आर्कन्सात बायको आणि रांगतं पोर टाकून घोड्यावर बसला आणि पश्चिमेला गेला, एवढंच डॅरिलच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं. एके दिवशी बाजारात एका म्हाताऱ्या गुरंवाल्यानं गॅट्लिन हे नाव ऐकलं आणि म्हणाला, "बक क्रीक ओढ्याकाठच्या रानात एक धुराडं उभं आहे, त्याला आमच्याकडे गॅट्लिनचं धुराडं म्हणतात. चॉक्टॉ बाई केली होती त्यानं."

डॅरिलनं केंद्रावर फोन करून तिला ते सांगितलं, तेव्हा आनंदानं त्याचा आवाज फाटत होता. "म्हणजे मी इथं उपरा नाहीच, लिओटा! तोही जावई, मीही जावई! जाऊन बघून येतो लगेच."

ती घरी आली तेव्हा मागची पायरी रिकामी होती. डॅरिल पुढच्या खोलीत खुर्चीत ताठ बसला होता. बुटांपासून गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त उजवा पाय उचलून तिच्या दिशेनं पुढे केला.

लिओटाला हसू आलं. "बरं, राजेसाहेब," म्हणत ती वाकली आणि टाच धरून गंमतीनं ओढू लागली. तेवढ्यात त्यानं दुसरा पाय तिच्या कमरेला लावून तिला जोरानं मागे रेटलं, उंच कातडी बूट ओढून काढणाऱ्या गड्याला रेटावं तसं. ती मागे जाऊन भिंतीवर आदळली.

"डॅरिल!"

त्यानं डोळे चोळले. "कधी आलीस?" म्हणाला, नेहमीच्याच आवाजात.

थट्टा अंगाशी आली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. बुटाची फीत करकचून बांधलेली होती. फीत सोडल्याशिवाय हा बूट निघत नाही, हेच तो विसरला होता.

२

रविवारी चर्चनंतर सगळे सायनी आत्याकडे जेवायला जमत. आत्या म्हणजे लिओटाच्या वडिलांची थोरली बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा. लिओटाचा धाकटा भाऊ हार्लनही होता.

"काय जावईबापू, पाठ काय म्हणते?" आत्यानं विचारलं.

"दाजींची पाठ मोठी हुशार आहे, आत्या," हार्लन तोंडात घास ठेवून म्हणाला. "लाकडं फोडायची वेळ आली की दुखते. मासे धरायला कधी दुखल्याचं ऐकलंस का?"

"आणि तू मदतीला ये म्हटलं की तुझी गाडी बंद पडते, ती रे?" डॅरिल म्हणाला. सगळे हसले. लिओटाही हसली, आणि तिला बरं वाटलं. हा आपलाच डॅरिल होता.

मग त्यानं एझराची गोष्ट काढली. धुराडं कसं अजून सरळ उभं आहे, घराच्या पायाचे दगड कसे दिसतात, शेजारी विहीर आहे आणि ती काठोकाठ दगडांनी भरलेली आहे.

आत्याच्या हातातली पळी थांबली.

"त्याची बायको तुमच्यापैकीच कुणाची तरी असणार, आत्या. नाव काय तिचं?"

"नाव नाही."

"असं कसं? नाव नसतं होय माणसाला?"

"आम्ही घेत नाही," आत्या म्हणाली. उठली. डॅरिलसमोरची अर्धवट जेवलेली ताटली तिनं उचलली, बाहेर जाऊन कुत्र्यांपुढे रिकामी केली आणि आत येऊन राखेनं खसखसून घासू लागली. हार्लननं डॅरिलला कोपरखळी मारली आणि डोळ्यांनीच 'विषय सोड' म्हणून खुणावलं.

निघताना आत्यानं लिओटाला मोरीजवळ गाठलं. "त्याला तिथं जाऊ देऊ नकोस."

"का ते तरी सांग."

"सांगितलं की तो जास्त शोधेल. मी ओळखते पुरुषांना."

"आत्या, त्याला सगळं आयुष्य कुठलाच गाव आपला वाटला नाही. आता कुठे वाटायला लागलंय."

"तेच तर," आत्या म्हणाली.

३

डॅरिल रोज बक क्रीकला जायला लागला. विहीर उपसायची त्यानं मनावर घेतलं होतं. "एझरा आतच आहे," तो म्हणायचा. "कुणी सांगायला नको, मला कळतं. त्याला बाहेर काढतो आणि धडपणे पुरतो. माणसाला कबर नको का?"

त्याची पाठ दुखेनाशी झाली. डॉक्टर म्हणालेच होते, हालचाल केली की मोकळी होईल. लिओटा स्वतःला तेच सांगत राहिली. विहिरीतले दगड तो ट्रकमध्ये घालून घरी आणायचा आणि अंगणात उतरवायचा. नदीतले गुळगुळीत, काळपट दगड. दुपारभर दगडावर दगड आपटल्याचा आवाज यायचा. कधीकधी तो घरात येऊन पाणी पीत असतानाही बाहेर आवाज चालूच राहायचा, आणि ती खिडकीशी जाईपर्यंत थांबायचा. ढीग बसत असेल, ती म्हणायची. दगड बसतातच.

तो कमी बोलू लागला. जेवताना ताटावर हात आडवा धरून जेवायचा. एकदा तिच्या हातून कॉफीची किटली सांडली, तर त्यानं मान वर न करता म्हटलं, "उचल." तो तिला असं कधी बोलला नव्हता.

एका दुपारी ती चुलीपाशी होती. अंगणातून हाक आली.

"बायसी! मिंती!"

लिओटा पळीसकट दाराबाहेर पडली, पायऱ्या उतरली, अर्धं अंगण ओलांडून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की हे आपलं नाव नाही. पाय मात्र पुढे जातच होते. तिनं कपडे वाळवायचा खांब घट्ट धरला तेव्हा कुठे ते थांबले.

डॅरिल ढिगाशी उभा होता. 'मिंती' हा शब्द त्याच्या तोंडून स्वच्छ निघाला होता, जुनी माणसं कुत्र्याला बोलवायची तशा तोऱ्यात.

"कुणाला हाक मारलीस?" तिनं विचारलं.

"मी? कुणाला नाही." त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तिच्या हातातल्या पळीतून रस्सा जमिनीवर ठिबकत होता, त्याकडे तो गोंधळून पाहत राहिला.

तिनं आत जाऊन आत्याला फोन लावला. "आत्या, बायसी कोण?"

आत्या म्हणाली, "कपड्याची पिशवी भर आणि इकडे ये. आत्ता."

लिओटा गेली नाही. चूल पेटलेली टाकून नवऱ्याला न सांगता पळायला काय झालंय असं तिला वाटलं. एक हाक मारली म्हणून कुणी घर सोडतं का?

४

केंद्रावर एका म्हातारीचा वाढदिवस होता, म्हणून तिला यायला उशीर झाला. डॅरिल पुढच्या खोलीत त्याच खुर्चीत होता. ती दारात शिरते न शिरते तोच तो उठला आणि हाताच्या पाठीनं तिच्या तोंडावर मारलं.

तिला आधी फक्त आवाज कळला. मग दातात रक्ताची चव. ती सावरायच्या आत त्यानं तिची वेणी धरली, मनगटाभोवती एक वेढा घेतला, मग दुसरा, आणि तिला फरशीवरून ओढत खुर्चीपाशी नेलं. घाईनं नाही. रोजचं काम असावं तसं. खुर्चीत बसला आणि पाय पुढे केला.

लिओटा फीत सोडू लागली. गाठ सुटेना. त्यानं दुसऱ्या पायानं तिच्या बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी मोडलं ते तिला स्पष्ट ऐकू आलं. तिला श्वास घेता येईना. फरशीवर गाल टेकवून ती पडली होती आणि तिच्या डोळ्यांसमोर त्याचा बूट होता. त्या क्षणी तिला वाटलं, हा मला मारून टाकणार, आणि नंतर जेवायला बसणार.

मग वरून हुंदका आला.

"लिओटा? अगं... हे काय? लिओटा!" तो गुडघ्यांवर कोसळला. पाठीत कळ आली म्हणून त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी नव्हतो तो. शपथ घेतो, मी नव्हतो. तो होता. एझरा."

लिओटा भिंतीला धरून उठली. बोलताना ओठ फाटत होता. "हात कुणाचा होता?"

तो आपल्या हाताकडे पाहत राहिला. बोटांत तिचे केस अडकले होते. "माझा."

"मग मेलेल्या माणसावर ढकलू नकोस."

ती तशीच गाडीत बसली आणि आत्याकडे गेली.

५

हार्लननं बंदूक काढली. आत्यानं ती त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या पलंगाखाली सरकवली. मग लिओटाच्या छातीभोवती जुन्या चादरीच्या पट्ट्या करकचून बांधता बांधता ती बोलली. तिच्याकडे न पाहता, पट्टीकडे पाहत.

"बायसी माझ्या आजोबांची बहीण. एझरा आला तेव्हा भला माणूस होता. हे सगळे सांगायचे. बायसीच्या आईला मध आणून द्यायचा. चर्चमध्ये त्याचा आवाज सगळ्यांत वर चढायचा. मग ते दोघं बक क्रीकला घर बांधून राहायला गेले. तिथलं पाणी फार गोड लागतं, म्हणायचे."

"आणि?" हार्लननं विचारलं.

"आधी तिची बोटं मोडली. मग दात गेले. भेटायला आली की शालीआड तोंड झाकायची. मग यायची थांबली." आत्यानं पट्टीला गाठ मारली. "तिचे भाऊ बक क्रीकला गेले तेव्हा ती चुलीपाशी होती. तिचं काय केलं होतं ते आजोबांनी कधी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी विहीर भरून परत आले."

"एझरा मेला होता का?" लिओटानं विचारलं. "विहीर भरली तेव्हा?"

आत्यानं उरलेली चादर उचलली, घडी घातली, पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

६

डॅरिल आला तो भर दुपारी. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, हातात टोपी. कुंपणाच्या आत पाऊल टाकलं नाही. हार्लन गिरणीवर गेला होता. लिओटा जाळीच्या दारामागून त्याच्याकडे पाहत राहिली. ट्रकमध्ये दगड भरलेले दिसत होते.

"मी सगळे परत टाकतो," तो म्हणाला. "जिथले तिथं. विहीर बुजवतो आणि आर्कन्साला निघून जातो. तू म्हणशील तर पोलिसांकडेही जातो. पण एकट्यानं तिथं जायची भीती वाटते, लिओटा. तू फक्त शेजारी उभी राहा. गाडीतून उतरूसुद्धा नकोस."

वाऱ्यानं त्याची टोपी उडाली. ती उचलायला तो वाकला, अर्ध्यात अडकला, कुंपणाचा खांब धरून दात आवळत पुन्हा वाकला. कळ खोटी नव्हती. त्याच्या कपाळावर घाम आला. लिओटानं जाळीचं दार अर्धवट उघडलं. विहीर उपसणाऱ्या त्या माणसाची पाठ दुखत नव्हती. हा दुखतोय, म्हणजे हा आपला आहे.

आत्यानं तिचा दंड धरला. "केयु," म्हणाली. नाही.

"आत्या, विहीर तर बुजायला हवी ना? आणि तो म्हणतोय मी बुजवतो. नवरा आहे माझा."

"बायसीही हेच म्हणायची."

लिओटानं हळूच दंड सोडवून घेतला. ट्रक निघाला तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं. आत्या दारात नव्हती. ती आत जाऊन गिरणीत फोन फिरवत होती.

७

रानात पानगळ झालेली. उघड्या झाडांमधून धुराडं लांबूनच दिसत होतं. घर नाही, छप्पर नाही, नुसतं दगडी धुराडं आणि त्याच्या पोटात काळी चूल. त्या चुलीजवळ पाखरंसुद्धा बोलत नव्हती. विहिरीभोवती आणखी दगड रचलेले होते, घरी आणले होते त्याहून कितीतरी जास्त. एका दुखऱ्या पाठीच्या माणसानं हे सगळं एकट्यानं कसं काढलं, असा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो पुरा होऊ दिला नाही.

डॅरिलनं एक दगड उचलला, काठापाशी नेला आणि थांबला.

"तो दिसतो आता," तो म्हणाला. "टाकायच्या आधी एकदा बघ. मला वेड लागलेलं नाही, एवढं तरी तुला कळू दे."

तिनं नको म्हणायला हवं होतं. पण गेल्या कित्येक दिवसांत तिला हेच तर हवं होतं, त्याला वेड लागलंय की नाही ते कळायला. ती गाडीतून उतरली, काठाला दोन्ही हात टेकले आणि वाकली.

विहीर दोन पुरुष खोल मोकळी झाली होती. तळाशी दगडांत ऊन पडलं होतं. त्या उन्हात दोन बुटांचे तळवे वर आलेले होते. उंच, कातडी, जुन्या तऱ्हेचे बूट. माणूस डोकं खाली, पाय वर असा टाकला गेला होता. बाकीचा सगळा दगडांखाली. कातडं सुकून लाकडासारखं झालं होतं. लिओटाला भीती वाटली नाही, फक्त वाईट वाटलं. कुणाचाही असा शेवट होऊ नये.

मग उजवा बूट हलला. हळूच, दगडांमधून वर येऊन, तिच्या दिशेनं पुढे झाला. आणि तसाच ताटकळत थांबला.

मागून तिच्या मानेवर हात पडले.

त्यानं तिचं डोकं काठावर आपटलं. एकदा, पुन्हा. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत आलं. तो तिला कमरेखाली धरून उचलत होता, विहिरीत लोटायला, आणि तोंडानं काही बोलत नव्हता, नुसता धापा टाकत होता. तिच्या मोडक्या बरगड्या काठावर घासल्या तशी ती गुरासारखी ओरडली. त्याचा अंगठा तोंडाशी आला, तिनं दात रोवले ते हाडाला लागेपर्यंत. पकड सैल झाली. तिच्या हाताखाली दगड होता. तिनं तो त्याच्या कानशिलावर घातला. तो हलला नाही. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा उगारला तेव्हा त्याच्या डोळ्यांत एकदम आश्चर्य आलं, झोपेतून उठल्यासारखं, आणि तो म्हणाला, "लिओटा, तुझं कपाळ..."

तिचा हात आधीच सुटला होता. दगड लागला. तो मागच्या मागे काठावरून गेला.

खाली दगडांवर पडल्याचा आवाज आला. नंतर रान शांत झालं.

८

हार्लनची गाडी झाडांमधून धडधडत आली तेव्हा लिओटा काठाला टेकून बसली होती. शेजारच्या बाजूनं आत्या उतरली. तिनं लिओटाचं कपाळ पाहिलं, विहिरीत पाहिलं. खाली डॅरिल कण्हत होता. आत्यानं काही न बोलता जवळचा दगड उचलला.

"नाही," लिओटा म्हणाली.

"बाजूला हो, पोरी."

"नाही, आत्या! त्या वेळी तुमच्या माणसांनी हेच केलं. मी नाही करू देणार. त्याला वर काढा. तो न्यायाधीशासमोर उभा राहील आणि स्वतःच्या तोंडानं सांगेल की त्यानं माझं काय केलं. मला त्याचं मरण नको, मला ते ऐकायचंय."

"ताई, त्यानं तुला मारलंच असतं," हार्लन म्हणाला.

"गाडीतल्या रेडिओवरून शेरीफच्या माणसाला बोलव. आणि दोर काढ."

आत्या दगड हातात धरून उभी होती. बऱ्याच वेळानं तिनं तो खाली ठेवला. "तुझं घर, तुझा निकाल," म्हणाली, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

हार्लननं गाडीला दोर बांधला, खाली उतरला आणि फास डॅरिलच्या काखेतून घातला. खाली असताना त्यानं तळाकडे एकदाही पाहिलं नाही. नंतरही त्या बुटांविषयी तो कधी बोलला नाही. वर आलेल्या माणसाचा एक हात लोंबत होता, कान फाटला होता. पण तो उभा राहिला. ताठ. त्यानं लिओटाकडे पाहिलं नाही, माफी मागितली नाही. तो आजूबाजूला पाहत होता. झाडांकडे, आकाशाकडे, हार्लनच्या गाडीकडे.

शेरीफचा माणूस आला, त्यानं बेड्या घातल्या. "चल, बस," म्हणाला.

तो पोलिसांच्या गाडीसमोर उभा राहिला. आयुष्यभर गिरणीसाठी ओंडक्यांचे ट्रक चालवलेला माणूस. बेड्या घातलेले हात त्यानं गाडीच्या दारावर फिरवले, वरून खाली, जनावराची पाठ चाचपावी तसे. दार कसं उघडतात ते त्याला कळत नव्हतं. शेरीफच्या माणसानं कंटाळून दार उघडलं आणि त्याचं डोकं दाबून त्याला आत बसवलं. काचेआडून त्याचा चेहरा दिसला. तो हसत होता, नवीन गावी निघालेल्या माणसासारखा.

गाडी वळणाआड गेली. तिचा आवाज विरला.

"लिओटा," विहिरीतून कुणीतरी म्हणालं.

हार्लनच्या हातातून दोर गळून पडला.

"लिओटा, आहेस का?" डॅरिलचा आवाज. थकलेला, लाजल्यासारखा, पाठीत कळ आली की व्हायचा तसा. "इथं फार गार आहे. वर कुणाला काढलंत?"

हार्लन विहिरीकडे धावला. आत्यानं त्याचा पट्टा धरून त्याला मागे ओढलं, एवढं बळ तिच्या अंगात कुठून आलं कुणास ठाऊक. लिओटा रांगत काठाशी गेली. खाली ऊन उरलं नव्हतं. दगड होते आणि अंधार होता.

"विहीर भरताना एझराही असाच खालून बोलत होता म्हणे," आत्या म्हणाली. "आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्यांनी वर कुणाला काढलं नव्हतं, लिओटा."

लिओटा काठावरून खाली वाकली. "डॅरिल?"

"हो," खालून आवाज आला. त्यात इतका आनंद होता की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हो गं. मीच. मला काढ ना."

आणि मग त्याच्याही खालून, खूप खोलातून, दगडांच्या पलीकडून दुसरा एक आवाज आला. चर्चमध्ये सगळ्यांत वर चढेल अशा, गाणाऱ्या माणसाचा. खणखणीत, गोड, आणि कधीपासून वाट पाहणारा.

"मलाही," तो म्हणाला. म्हणजे बेड्यांत बसून गेला तो एझराही नव्हता.

पहिला दगड आत्यानं टाकला. दुसरा हार्लननं. तो रडत होता, नाक पुसत होता, आणि दगड टाकत होता. खालचा आवाज आधी हाका मारत होता, मग फक्त तिचं नाव घेत होता, मग दगडांचा आवाजच मोठा झाला. दिवस मावळायच्या आत विहीर काठोकाठ भरली.

लिओटानं एकही दगड उचलला नाही. पण त्यांना थांबवलंही नाही.